फेअर आणि फाऊल चेंडू (बेसबॉल व सॉफ्टबॉल)

फेअर चेंडू आणि फाऊल चेंडू या बेसबॉल व सॉफ्टबॉल या खेळांतील मूलभूत संज्ञा आहेत. फलंदाजाच्या बॅटला लागलेला चेंडू मैदानाच्या वैध भागात गेला की अवैध भागात, हे या संज्ञांनी ठरते. चेंडू फेअर असल्यास फलंदाजाला पहिल्या बेसकडे धावावे लागते व खेळ चालू राहतो. चेंडू फाऊल असून झेलला गेला नाही, तर खेळ थांबतो आणि रनर आपापल्या मूळ बेसवर परततात. क्रिकेटमध्ये फलंदाज चेंडू कोणत्याही दिशेला मारू शकतो. या दोन खेळांत मात्र होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांमधील ९० अंशांचा कोनच वैध मानला जातो. त्यामुळे रेषेजवळ पडणाऱ्या, बेसला लागून उडणाऱ्या किंवा खेळाडूच्या अंगाला लागून दिशा बदलणाऱ्या चेंडूंचा निर्णय हा पंचांच्या कामातील कठीण भाग समजला जातो. इनफील्ड फ्लाय, मुद्दाम सोडलेला झेल, फाऊल टिप, रनरला लागलेला चेंडू आणि बॅटला दुसऱ्यांदा लागलेला चेंडू यांविषयीचे नियमही याच विषयात येतात.

मैदान आणि रेषा

बेसबॉलमध्ये दोन बेसमधील अंतर ९० फूट (२७.४३ मीटर), तर सॉफ्टबॉलमध्ये सामान्यतः ६० फूट (१८.२९ मीटर) असते. होम प्लेटपासून पहिल्या व तिसऱ्या बेसच्या कडेने कुंपणापर्यंत जाणाऱ्या रेषांना फाऊल रेषा म्हणतात. कुंपणापाशी या रेषांच्या टोकावर उभ्या असणाऱ्या उंच खांबांना फाऊल पोल म्हणतात.

या नावांमुळे नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ होतो, कारण फाऊल रेषा आणि फाऊल पोल हे दोन्ही नियमानुसार फेअर क्षेत्राचे भाग आहेत. रेषेवरच्या चुन्याला किंचित स्पर्श करून गेलेला चेंडू फेअर असतो. हवेतून थेट फाऊल पोलला लागलेला चेंडू होमरन ठरतो. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात बोस्टन रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कने १२ व्या डावात मारलेला चेंडू डावीकडील फाऊल पोलला लागला आणि त्या होमरनने सामना संपला.

पहिला व तिसरा बेस पूर्णपणे फेअर क्षेत्रात असतात. होम प्लेटही फेअर क्षेत्रातच मोडते. ‘प्लेटला लागलेला चेंडू फाऊल असतो’ हा समज शालेय स्तरावर अनेकदा आढळतो, पण तो चुकीचा आहे. प्लेटला लागलेला चेंडू पुढे कोठे जातो किंवा कोठे थांबतो, यावर निर्णय ठरतो.

सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसपाशी टक्कर टाळण्यासाठी जोड बेस वापरला जातो. त्याचा पांढरा अर्धा भाग फेअर क्षेत्रात आणि रंगीत (बहुधा नारिंगी) अर्धा भाग फाऊल क्षेत्रात असतो. पांढऱ्या भागाला लागलेला चेंडू फेअर ठरतो. चेंडूचा स्पर्श केवळ रंगीत भागाला झाल्यास तो फाऊल ठरतो.

निर्णयाची तत्त्वे

फेअर की फाऊल हे ठरवण्यासाठी पंचाला पुढील प्रश्नांची उत्तरे मनात क्रमाने द्यावी लागतात.

पहिला प्रश्न, चेंडू प्रथम जमिनीवर कोठे पडला. पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पलीकडे हवेतून आलेला चेंडू ज्या क्षेत्रात प्रथम पडतो, त्यावरच निर्णय होतो. तो फेअर क्षेत्रात पडून नंतर फिरकीमुळे फाऊल क्षेत्रात गेला तरी फेअरच राहतो.

दुसरा प्रश्न, चेंडू बेसच्या अलीकडे पडला असल्यास बेस ओलांडताना तो कोठे होता. टप्पे घेत जाणारा चेंडू बेसपाशी फेअर क्षेत्रावर किंवा त्याच्या वरच्या हवेत असेल, तर तो फेअर असतो. त्यानंतरचा टप्पा फाऊल क्षेत्रात पडला तरी निर्णय बदलत नाही.

तिसरा प्रश्न, बेस ओलांडण्यापूर्वीच चेंडू थांबला किंवा त्याला कोणी स्पर्श केला का. होम प्लेट आणि पहिल्या वा तिसऱ्या बेसच्या दरम्यान चेंडूने किती वेळा रेषा ओलांडली याला महत्त्व नसते. तो जेथे स्थिरावतो किंवा जेथे त्याला खेळाडूचा वा पंचाचा स्पर्श होतो, तेथील क्षेत्र निर्णायक ठरते. बंट केलेला चेंडू रेषेच्या बाहेर जाऊन परत आत येऊ शकतो. म्हणून अनुभवी क्षेत्ररक्षक कधी तो उचलण्याची घाई करत नाहीत आणि पंचही चेंडू थांबेपर्यंत हात वर करत नाहीत.

चौथा प्रश्न, चेंडू बेसला लागला का. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसला लागलेला चेंडू त्याच क्षणी फेअर ठरतो. पिचरच्या पायाखालील पट्टीला मात्र हा दर्जा नाही. जोरदार फटका त्या पट्टीवर आदळून कोणाच्याही स्पर्शाशिवाय मागे उसळला आणि होम प्लेट व पहिल्या बेसच्या दरम्यान फाऊल क्षेत्रात गेला, तर तो फाऊल चेंडू असतो.

स्पर्शाच्या बाबतीत एक तत्त्व विशेष महत्त्वाचे आहे. स्पर्शाच्या क्षणी चेंडू कोठे होता हे पाहिले जाते, खेळाडूचे पाय कोठे होते हे पाहिले जात नाही. क्षेत्ररक्षक फाऊल क्षेत्रात उभा असून त्याने हात लांबवून फेअर क्षेत्रावरील चेंडूला हातमोजा लावला आणि चेंडू बाहेर पडला, तर तो चेंडू फेअर असतो.

पंचांची कार्यपद्धती

होम प्लेटमागील पंच सामान्यतः बेसपर्यंतच्या रेषेचा निर्णय देतो आणि बेसच्या पुढील रेषेची जबाबदारी त्या बाजूच्या बेस पंचावर असते. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये नियमित हंगामात चार पंच असतात. हंगामोत्तर सामन्यांत डाव्या व उजव्या रेषेसाठी आणखी दोन पंच नेमले जातात. स्थानिक व शालेय सामन्यांत बहुतेक वेळा एक किंवा दोन पंचांनाच हे सर्व काम करावे लागते.

चेंडू फाऊल असल्यास पंच दोन्ही हात वर करून मोठ्याने ‘फाऊल’ असे पुकारतो. चेंडू फेअर असल्यास तो फेअर क्षेत्राकडे हात दाखवतो, पण तोंडाने काहीही बोलत नाही. हा भेद हेतुपूर्वक ठेवलेला आहे. धावणारा रनर आणि चेंडूकडे लक्ष असलेला क्षेत्ररक्षक पंचाकडे पाहत नसतात, त्यांना फक्त आवाज ऐकू येतो. ‘फेअर’ हा शब्द गोंगाटात ‘फाऊल’ असा ऐकू आल्यास सर्व जण थांबतील. म्हणून मैदानावर आवाज न येणे याचाच अर्थ खेळ चालू आहे असा होतो.

‘फाऊल’ असे पुकारताच खेळ थांबतो, आणि यामुळेच चुकीचा फाऊल निर्णय दुरुस्त करणे अवघड असते. फेअर चेंडू चुकून फाऊल ठरवला गेला, तर रनर कोठपर्यंत पोहोचले असते किंवा कोण बाद झाला असता, हे निश्चितपणे सांगता येत नाही. उलट, फाऊल चेंडू चुकून फेअर ठरवला गेल्यास सर्वांना मूळ जागी परत पाठवता येते. पंचांच्या प्रशिक्षणात घाईने हात वर न करण्यावर भर दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

फाऊल टिप

बॅटला चाटून चेंडू थेट आणि वेगाने कॅचरकडे गेला व त्याने तो नियमानुसार झेलला, तर त्याला फाऊल टिप म्हणतात. झेल पूर्ण झाला नाही, तर तो साधा फाऊल चेंडू असतो. नावात ‘फाऊल’ हा शब्द असला तरी फाऊल टिपनंतर खेळ थांबत नाही. ती स्ट्राइक मोजली जाते, दोन स्ट्राइक आधीच झालेल्या असल्यास फलंदाज बाद होतो आणि रनरला स्वतःच्या जोखमीवर पुढचा बेस चोरता येतो. साध्या फाऊल चेंडूवर बेस चोरता येत नाही.

हवेत उंच उडालेला फाऊल चेंडू झेलला गेल्यास फलंदाज बाद होतो आणि खेळ चालू राहतो. झेलानंतर रनर आपल्या बेसला स्पर्श करून पुढे धावू शकतात.

दोन स्ट्राइक झाल्यावर मारलेला साधा फाऊल तिसरी स्ट्राइक मोजला जात नाही, परंतु बंट करताना फाऊल झाल्यास फलंदाज बाद होतो. सॉफ्टबॉलच्या स्लो पिच प्रकारात दोन स्ट्राइकनंतरचा कोणताही फाऊल चेंडू फलंदाजाला बाद करतो.

फलंदाज आणि बॅट यांना लागलेला चेंडू

बॅटला लागून चेंडू खाली आदळतो आणि उसळून फलंदाजाच्याच पायाला लागतो, असे अनेकदा घडते. फलंदाज आपल्या चौकटीत वैध स्थितीत उभा असताना असे झाल्यास तो फाऊल चेंडू असतो. चौकट सोडून पहिल्या बेसकडे निघाल्यावर, फेअर क्षेत्रात व क्षेत्ररक्षकाच्या स्पर्शापूर्वी चेंडू त्याला लागल्यास तो बाद होतो.

फलंदाजाने हातातील बॅट फेअर क्षेत्रात चेंडूला दुसऱ्यांदा मारल्यास तो बाद ठरतो. खाली टाकलेल्या बॅटच्या बाबतीत पंचाला पाहावे लागते ते एवढेच की बॅट चेंडूवर गेली की चेंडू बॅटवर आला. बॅट जमिनीवर पडून राहिली असून चेंडू घरंगळत येऊन तिला लागला आणि फलंदाजाचा तसा हेतू नसेल, तर खेळ चालू राहतो. बॅट तुटून तिचा तुकडा मैदानात गेला व चेंडूला लागला, तरीही खेळ चालूच राहतो. अखंड बॅट हातातून सुटून फेअर क्षेत्रात गेली आणि तिने क्षेत्ररक्षकाला अडथळा केला, तर मात्र हेतू असो वा नसो, फलंदाज बाद दिला जातो. क्रिकेटमध्ये चेंडू दोनदा मारल्याबद्दल फलंदाज बाद होण्याचा नियम आहे, परंतु यष्टीचे रक्षण करण्यासाठी दुसरा फटका मारण्याची मुभा आहे. बेसबॉलमध्ये यष्टीसारखी राखण्याची वस्तूच नसल्याने अशी मुभा नाही.

चेंडूला बॅट लागताना फलंदाजाचे पूर्ण पाऊल चौकटीच्या बाहेर जमिनीवर टेकलेले असल्यास तो बाद होतो. धावत येऊन चेंडू हलकेच ढकलण्याची जी पद्धत सॉफ्टबॉलमध्ये रूढ आहे, तिच्यामुळे या खेळात हा नियम वारंवार लागू करावा लागतो. सॉफ्टबॉलमध्ये फटक्याच्या वेळी पाऊल होम प्लेटला लागलेले असल्यासही फलंदाज बाद ठरतो.

फलंदाज व कॅचर यांची टक्कर

१४ ऑक्टोबर १९७५ रोजी वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात सिनसिनाटी रेड्सच्या एड आर्मब्रिस्टरने १० व्या डावात बंट केला. चेंडू उचलण्यासाठी पुढे आलेला कार्लटन फिस्क आणि धावण्यासाठी निघालेला आर्मब्रिस्टर यांची टक्कर झाली. फिस्कची दुसऱ्या बेसकडील फेक चुकली आणि रनर तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. पंच लॅरी बार्नेट यांनी अडथळ्याचा निर्णय दिला नाही. थोड्याच वेळात जो मॉर्गनच्या फटक्याने सिनसिनाटीने सामना ६–५ असा जिंकला. चेंडू खेळण्याचा कॅचरचा हक्क आणि धावण्याचा फलंदाजाचा हक्क एकाच जागी एकाच क्षणी येतात, हा या प्रसंगातील पेच होता. बेसबॉलच्या नियमांवरील टिप्पणीनुसार, पहिल्या बेसकडे निघालेला फलंदाज व चेंडू उचलणारा कॅचर यांचा स्पर्श झाल्यास सर्वसाधारणपणे कोणाचाच नियमभंग मानला जात नाही.

रनर किंवा पंच यांना लागलेला चेंडू

कोणत्याही क्षेत्ररक्षकाला स्पर्श होण्यापूर्वी किंवा इनफील्डरला ओलांडण्यापूर्वी फेअर चेंडू रनरला फेअर क्षेत्रात लागल्यास रनर बाद होतो व खेळ थांबतो. फलंदाजाला पहिला बेस मिळतो. इतर रनर आपल्या जागी परततात. फलंदाजासाठी जागा करून द्यावी लागत असेल, तरच ते एक बेस पुढे जातात. यात रनरचा दोष असणे आवश्यक नाही, नुसता स्पर्श पुरेसा असतो.

चेंडू इनफील्डरच्या जवळून वा पायांमधून निघून गेल्यावर रनरला लागला आणि दुसऱ्या कोणत्याही इनफील्डरला तो अडवण्याची संधी नसेल, तर रनर बाद होत नाही. क्षेत्ररक्षकाच्या अंगाला लागून दिशा बदललेल्या चेंडूच्या बाबतीतही तो बाद होत नाही, मात्र त्याने मुद्दाम अडथळा आणलेला नसावा.

बेसवर उभ्या असलेल्या रनरविषयी दोन खेळांत महत्त्वाचा फरक आहे. बेसबॉलमध्ये बेसवर पाय असल्याने रनरला संरक्षण मिळत नाही, चेंडू लागल्यास तो बादच होतो. इनफील्ड फ्लाय हा याला अपवाद असून त्या वेळी बेसला चिकटून असलेला रनर बाद होत नाही. सॉफ्टबॉलमध्ये मात्र बेसला स्पर्श करून उभ्या असलेल्या रनरला फेअर चेंडू लागला, तर हेतुपूर्वक अडथळा नसल्यास तो बाद होत नाही. दोन्ही खेळांत पंचगिरी करणाऱ्यांकडून या ठिकाणी चूक होण्याची शक्यता अधिक असते.

पिचरखेरीज अन्य इनफील्डरला ओलांडण्यापूर्वी, कोणाच्याही स्पर्शाशिवाय फेअर चेंडू पंचाला लागल्यास खेळ थांबतो व फलंदाजाला पहिला बेस मिळतो. इनफील्डरला ओलांडून गेलेला किंवा क्षेत्ररक्षकाला लागून आलेला चेंडू पंचाला लागल्यास खेळ चालू राहतो.

इनफील्ड फ्लाय

इनफील्ड फ्लाय हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला नियम आहे. तो लागू होण्यासाठी पुढील सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

• दोनपेक्षा कमी फलंदाज किंवा रनर बाद झालेले असावेत.
• पहिल्या व दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर रनर असावेत.
• चेंडू फेअर असून हवेत उंच उडालेला असावा. सरळ वेगवान फटका किंवा बंट यांना नियम लागू नाही.
• इनफील्डरला तो साधारण प्रयत्नाने झेलता येण्यासारखा असावा.

अटी पूर्ण होताच पंच हात वर करून ‘इनफील्ड फ्लाय, फलंदाज बाद’ असे पुकारतो. चेंडू रेषेजवळ असल्यास ‘फेअर असल्यास’ अशी पुस्ती जोडतो. झेल सुटला तरी फलंदाज बादच राहतो. खेळ चालू असतो आणि रनर स्वतःच्या जोखमीवर पुढे जाऊ शकतात. मात्र फलंदाज बाद झाल्याने त्यांना पुढे जाण्याची सक्ती राहत नाही. न झेललेला चेंडू बेसच्या अलीकडे फाऊल क्षेत्रात जाऊन स्थिरावल्यास तो साधा फाऊल ठरतो व फलंदाजाला पुन्हा खेळण्याची संधी मिळते.

नियमामागील कारण उदाहरणाने स्पष्ट होते. पहिल्या व दुसऱ्या बेसवर रनर आहेत आणि शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर सोपा झेल उडाला आहे. झेल घेतला जाईल या अपेक्षेने रनर बेसजवळच थांबतात, कारण पुढे निघाल्यास झेलानंतर परत येणे त्यांना जमणार नाही. शॉर्टस्टॉपने चेंडू मुद्दाम खाली पडू दिला, तर मात्र दोन्ही रनरना पुढे पळणे भाग पडते. तिसऱ्या व दुसऱ्या बेसकडे लागोपाठ चेंडू फेकून क्षेत्ररक्षण करणारा संघ दोघांनाही बाद करू शकतो. रनर थांबला तरी बाद आणि धावला तरी बाद अशा कोंडीत सापडतो. सोपा झेल सोडणाऱ्याला झेल घेणाऱ्यापेक्षा अधिक लाभ मिळू नये, हा नियमाचा हेतू आहे. रनर केवळ पहिल्या बेसवर असताना हा नियम लागू होत नाही. त्या स्थितीत फलंदाज धावत राहिला, तर तो पहिल्या बेसवर वेळेत पोहोचू शकतो आणि संघाला दुहेरी लाभ सहसा होत नाही.

‘साधारण प्रयत्न’ या शब्दांचा अर्थ त्या स्पर्धेच्या स्तरावरील सरासरी कौशल्याच्या खेळाडूचा प्रयत्न असा घेतला जातो. वारा, ऊन आणि मैदानाची स्थितीही विचारात घ्यावी लागते. व्यावसायिक खेळाडूला सहज वाटणारा झेल बारा वर्षांच्या खेळाडूसाठी अवघड असू शकतो, म्हणून तोच चेंडू एका सामन्यात इनफील्ड फ्लाय ठरेल आणि दुसऱ्यात ठरणार नाही. इनफील्डर गवताच्या कडेपलीकडे मागे गेला तरी नियम लागू होऊ शकतो, कारण मैदानावर आखलेली कोणतीही रेषा या नियमाची सीमा नाही.

५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा ब्रेव्ह्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातील बाद फेरीच्या सामन्यात याच मुद्द्यावर वाद झाला. आठव्या डावात एक जण बाद असताना अटलांटाच्या आंद्रेल्टन सिमन्सने उडवलेला चेंडू डाव्या बाजूला बराच आत गेला. शॉर्टस्टॉप पीट कोझ्मा मागे धावत त्याखाली पोहोचला, मात्र ऐनवेळी बाजूला झाला आणि चेंडू जमिनीवर पडला. डाव्या रेषेवरील पंच सॅम होलब्रुक यांनी चेंडू पडण्याच्या किंचित आधी इनफील्ड फ्लाय पुकारला होता. त्यामुळे तिन्ही बेस भरलेले व एक बाद या स्थितीऐवजी दोन रनर आणि दोन बाद अशी स्थिती झाली. प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्याने खेळ १९ मिनिटे थांबला. अटलांटाने नोंदवलेली हरकत फेटाळण्यात आली आणि सेंट लुईसने सामना ६–३ असा जिंकला. निर्णयाच्या समर्थकांच्या मते कोझ्मा साधारण प्रयत्नाने चेंडूखाली पोहोचला होता. टीकाकारांच्या मते एवढ्या अंतरावर दुहेरी बाद करण्याची शक्यता नसल्याने नियमाचा मूळ हेतूच तेथे उरला नव्हता. नियमाचे शब्द आणि त्याचा हेतू यांतील हे अंतर विधिशास्त्राच्या अभ्यासकांनाही आकर्षक वाटले आहे. विल्यम एस. स्टीव्हन्स यांचा या नियमाच्या उगमाची तुलना इंग्लिश सामान्य कायद्याशी करणारा लेख १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मुद्दाम सोडलेला झेल

इनफील्ड फ्लायला पूरक असा हा नियम आहे. दोनपेक्षा कमी बाद असताना आणि पहिल्या बेसवर रनर असताना (इतर बेसवर कोणी असो वा नसो) इनफील्डरने सोपा फेअर झेल किंवा सरळ फटका हाताला लागल्यावर मुद्दाम खाली टाकल्यास फलंदाज बाद होतो, खेळ थांबतो आणि रनर परततात. चेंडूला स्पर्श न करता तो जमिनीवर पडू दिला, तर हा नियम लागू होत नाही. इनफील्ड फ्लाय पुकारला गेला असल्यास त्याचाच अंमल होतो आणि चेंडू चालू राहतो.

कुंपणापलीकडे गेलेला चेंडू

हवेतून थेट फेअर क्षेत्रावरून कुंपणापलीकडे गेलेला चेंडू होमरन असतो. टप्पा पडून बाहेर गेलेल्या चेंडूवर फलंदाजाला दोन बेस मिळतात. क्षेत्ररक्षकाच्या अंगाला लागून, जमिनीला न टेकता, फेअर क्षेत्रातील कुंपणावरून गेलेला चेंडूही होमरनच ठरतो. २६ मे १९९३ रोजी क्लीव्हलँड येथे कार्लोस मार्टिनेझने मारलेला चेंडू टेक्सास रेंजर्सच्या होजे कॅन्सेकोच्या डोक्यावर आपटून कुंपणापलीकडे गेला आणि होमरन देण्यात आला.

क्षेत्ररक्षकाने हातमोजा फेकून फेअर चेंडूला लावल्यास फलंदाजाला तीन बेस मिळतात. फेकलेला हातमोजा चेंडूला लागला नाही, तर कोणताही दंड नाही.

छत असलेल्या किंवा वेगळ्या रचनेच्या मैदानांवर स्थानिक नियम सामन्यापूर्वी ठरवले जातात. ४ मे १९८४ रोजी मिनिआपोलिसच्या मेट्रोडोममध्ये डेव्ह किंगमनने उडवलेला चेंडू छतातील छिद्रातून वर गेला तो खाली आलाच नाही. त्याला दोन बेस देण्यात आले.

२७ मे १९८१ रोजी सिअ‍ॅटलमध्ये अमोस ओटिसने हळू मारलेला चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेलगत घरंगळत असताना सिअ‍ॅटल मरिनर्सचा लेनी रँडल जमिनीवर ओणवा झाला आणि चेंडू रेषेबाहेर गेला. त्याने फुंकर मारून चेंडू बाहेर ढकलल्याचे मानून पंचांनी आधीचा फाऊल निर्णय बदलला व ओटिसला पहिला बेस दिला.

नियमांचा इतिहास

सुरुवातीच्या बेसबॉलमध्ये फेअर चेंडू पहिल्या टप्प्यावर झेलला तरी फलंदाज बाद होत असे. ही तरतूद डिसेंबर १८६४ मध्ये रद्द झाली. त्या काळी चेंडू प्रथम फेअर क्षेत्रात पडला की तो फेअर मानला जाई, मग तो लगेच बाहेर गेला तरी चालत असे. रॉस बार्न्स या फलंदाजाने चेंडू प्लेटसमोर आपटून फाऊल क्षेत्रात पाठवण्याचे तंत्र विकसित केले. १८७६ या नॅशनल लीगच्या पहिल्या हंगामात त्याची फलंदाजीची सरासरी .४२९ होती. १८७७ पासून नियम बदलण्यात आला आणि चेंडू बेस ओलांडताना किंवा थांबताना कोठे आहे, हा आजचा निकष आला.

इनफील्ड फ्लाय नियम नॅशनल लीगने १८९५ मध्ये स्वीकारला. प्रारंभी तो केवळ एक जण बाद असताना लागू होता, पुढे कोणीही बाद नसतानाही तो लागू करण्यात आला. फाऊल चेंडू पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत मोजण्याची पद्धत नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये सुरू केली. टप्पा पडून कुंपणापलीकडे गेलेला चेंडू १९३० च्या सुमारास होमरनऐवजी दोन बेसचा करण्यात आला.

सॉफ्टबॉलचा उगम १८८७ मध्ये शिकागो येथे बंदिस्त जागेत खेळल्या गेलेल्या खेळात आहे. त्याचे नियम बेसबॉलवरून घेतले गेले आणि लहान मैदानाच्या गरजेनुसार बदलत गेले. दोन्ही खेळांचे आंतरराष्ट्रीय नियमन आता जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघ करतो. भारतात दोन्ही खेळांचा शालेय क्रीडा स्पर्धांत समावेश असून महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतही ते खेळले जातात.

चुकीचे निर्णय आणि चित्रफीत पुनरावलोकन

मेजर लीग बेसबॉलमध्ये ऑगस्ट २००८ पासून होमरनच्या निर्णयांसाठी चित्रफितीचा वापर सुरू झाला. इतर फेअर–फाऊल निर्णय त्या कक्षेत नव्हते. ९ ऑक्टोबर २००९ रोजी न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या हंगामोत्तर सामन्यात ११ व्या डावात मिनेसोटा ट्विन्सच्या जो मावरने मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोजाला लागून फेअर क्षेत्रात पडला आणि प्रेक्षकांत गेला. डाव्या रेषेवरील पंच फिल कुझी काही पावलांवर होते, तरीही त्यांनी तो फाऊल ठरवला. मावरला दोन बेस मिळायला हवे होते. मिनेसोटाने त्या डावात धाव केली नाही व यांकीजने सामना ४–३ असा जिंकला. निर्णय चुकला होता हे पंचांच्या प्रमुखांनी सामन्यानंतर मान्य केले.

१ जून २०१२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या योहान सँटानाने एकही हिट न देता सामना पूर्ण केला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या इतिहासातील असा हा पहिलाच सामना होता. सहाव्या डावात कार्लोस बेल्ट्रानने मारलेला चेंडू तिसऱ्या बेसमागे रेषेवरच्या चुन्याला लागला होता, पण तो फाऊल देण्यात आला. तो फेअर दिला गेला असता, तर हा विक्रम झालाच नसता. अधिकृत नोंदीत सँटानाची कामगिरी कायम आहे.

२०१४ पासून पुनरावलोकनाची कक्षा वाढवण्यात आली आणि बेस पंचांच्या जागेपलीकडे पडलेल्या चेंडूंचा फेअर–फाऊल निर्णय तपासता येऊ लागला. निर्णय बदलल्यास रनर कोठे पोहोचले असते, हे पंचांना अंदाजाने ठरवावे लागते. इनफील्ड फ्लायचा निर्णय पुनरावलोकनाच्या कक्षेबाहेर आहे, कारण तो चेंडू कोठे पडला यावर नव्हे, तर तो झेलता आला असता का, या पंचाच्या मतावर अवलंबून असतो. जेथे चित्रफितीची सोय नाही अशा सामन्यांत रेषेजवळ उभ्या पंचाची नजर हाच अखेरचा आधार असतो.

हे सुद्धा पहा

• बेसबॉल
• सॉफ्टबॉल
• होमरन
• वर्ल्ड सिरीज
• पंच (क्रीडा)